गाडी चालूच आहे हो!

गेल्या शनिवारी सकाळी दादर टी.टी.जवळ, दहा-बारा लोकांच्या साक्षीने, माझ्या गाडीने थोडा तरी धूर सोडावा म्हणून मी तिच्या विनवण्या करत होते. आज बुधवार. राग अजून उतरलेला नाही.

निमित्त पीयूसीचं, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीच्या दाखल्याचं. ते संपलं होतं, विम्याची तारीख तोंडावर आली होती, आणि २०१९ च्या सुधारित कायद्यात पीयूसी नसल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे हे नवऱ्याने एकाच जेवणात तीनदा सांगितलं. ‘मी नेऊन आणतो’ असं एकदाही म्हणाला नाही. गाडी माझी आहे ना. २०१३ सालची हायब्रिड, म्हणजे थोडी पेट्रोलवर, थोडी विजेवर चालणारी; मी तिची तिसरी मालकीण. आधीच्या दोघांनी तिला का सोडलं हे मी विचारलं नाही. लग्नात विचारलं नव्हतं, गाडीत कशाला विचारायचं?

आतापर्यंत पीयूसीचा कधी त्रास झाला नव्हता. आमचा जुना पीयूसीवाला नंबर प्लेटचा फोटो काढायचा, पैसे घ्यायचा, पावती द्यायचा. नळी व्हॅनमध्ये वेटोळं करून पडलेली असायची. यंदा तो दिसला नाही, म्हणून दुसऱ्याकडे गेले. आणि माझ्या नशिबात नेमका प्रामाणिक माणूस आला.

वीस-बावीस वर्षांचा पोरगा. नळी घेऊन सरळ मागे गेला, सायलेन्सरमध्ये खुपसली आणि म्हणाला, “मॅडम, गाडी चालू करा.”

“चालूच आहे.”

त्याने मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मशीनला काही मिळत नव्हतं. मिळणार कसं? गाडी उभी राहिली आणि बॅटरी भरलेली असली की हिचं इंजिन आपोआप बंद पडतं. त्यासाठीच तर लोक हायब्रिड घेतात. “रेस द्या,” म्हणाला. दिली. इंजिन जागं झालं. पाय उचलला, चार सेकंदांत परत झोपलं. मशीनला शांतपणे एका लयीत चालणारं इंजिन हवं होतं. असं तीनदा झालं, आणि तेवढ्यात काका आले.

पांढरा लेंगा, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कोथिंबिरीची जुडी डोकावणारी कापडी पिशवी. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, तापकरी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

“ताई, गाडी बंद आहे.”

“चालू आहे.”

“बंद आहे. मी हात लावून बघितलं ना.”

“काका, ही हायब्रिड आहे. थांबली की इंजिन बंद होतं. गाडी चालू असते.”

“इंजिन बंद, आणि गाडी चालू?”

“हो.”

“म्हणजे माणूस गेलाय, पण तब्येत बरी आहे.”

पोरगा हसला. मीही हसले असते, पण मागे एक टेम्पो आणि दोन रिकाम्या टॅक्सी पीयूसीसाठी येऊन थांबल्या होत्या, आणि त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून आमच्याभोवती गोळा व्हायला लागले होते.

“स्टार्टर मारून बघा बरं जरा,” काका म्हणाले.

“हिला स्टार्टर नसतो.”

“नसतो म्हणजे?”

“वेगळा नसतो. आतली मोठी मोटरच इंजिन फिरवते.”

काकांनी पिशवी खाली ठेवली. “अल्टरनेटर?”

“तोही नसतो.”

“क्लच?”

“नाही.”

“गिअर तरी?”

“म्हणजे तसे एक-दोन-तीन असे गिअर नाहीत. आत एक दातेरी चक्रांचा संच असतो, तो…”

“म्हणजे नाहीत.” ते वळून टॅक्सीवाल्यांना म्हणाले, “स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, गिअर नाही.” पंचनाम्याला चार पंच लागावेत तशी ती मंडळी माना डोलावत होती. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, “सेकंड हँड घेतली का हो?”

“थर्ड.”

“तरीच! काढून घेतलंय ताई तुमच्या गाडीतलं सगळं. मधल्या माणसाने विकून खाल्लं. हे सामान आता कुर्ल्याला कुठेतरी निघालं असेल.” आणि मग तो प्रश्न आला, ज्याची मी पहिल्या मिनिटापासून वाट बघत होते. “घेताना मिस्टर होते का बरोबर?”

होते. काका, मिस्टर बरोबर होते. मिस्टरांनी त्या दिवशी टायरला लाथ मारून बघितली होती आणि सीट मऊ असल्याचं मत दिलं होतं. मिस्टर अजूनही डावीकडे वळताना वायपर लावतात. गिअरच्या जागी पी, आर, एन, डी आणि शेवटी ‘बी’ असं लिहिलंय, त्यातला ‘बी’ म्हणजे ‘बॅक’ असं समजून मिस्टरांनी सोसायटीच्या वॉचमनची खुर्ची मोडली आहे. (तो उतारावर इंजिनाचा ब्रेक लागावा म्हणून असतो.) बॅटरीचा पंखा मागच्या सीटपाशी हवा ओढतो आणि त्याच्या जाळीवर पिशव्या ठेवायच्या नसतात, हे मला माहीत आहे. दर सहा महिन्यांनी ती जाळी मी स्वतः साफ करते आणि त्यातून लोकरीचे धागे, चिवड्यातले शेंगदाणे आणि एकदा तर सासूबाईंची हरवलेली टिकल्यांची पाकिटं काढली आहेत. डिकीतली छोटी बारा व्होल्टची बॅटरी बसली तर दोनशेच्या वर व्होल्ट असलेली मोठी बॅटरी असूनही गाडी उठत नाही, एवढंच नाही, डिकीसुद्धा उघडत नाही, हा शोध मी गेल्या पावसाळ्यात भिजत लावला आहे. आणि तरी रस्त्यावरचा कुठलाही लेंगा मला विचारणार की मिस्टर होते का.

हे मी काही बोलले नाही. “होते,” एवढंच म्हणाले. काकांना हायसं वाटलं.

“नाही, विजेच्या गाडीला माझी ना नाही,” ते आता बॉनेटला रेलूनच उभे राहिले. “ट्रॅम विजेवरच होती. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्रॅम बोरीबंदरहून इथे दादरला आली, ती मी बघितलीय. वडिलांच्या खांद्यावर बसून. हे टी.टी. म्हणजे काय? ट्रॅम टर्मिनस! आता कोणाला सांगून पटत नाही. पण ट्रॅम विजेवर असली ना ताई, तरी तिला घंटा होती. ती आली हे कळायचं, गेली हे कळायचं. तुमच्या गाडीचं आहे-नाही काहीच कळत नाही.”

टेम्पोवाला म्हणाला, “विजेची असती तर पीयूसी लागलंच नसतं ना.”

हे खरं आहे, आणि इथेच माझं दुखणं आहे. पूर्ण विजेच्या गाडीला पीयूसी नाही. तिला हिरवी पाटी. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर तिला टोलही नाही. माझी गाडी सेतूवर उतारावरून विजेवर घरंगळत असली तरी फास्टॅगला अर्धी वीज समजत नाही. टुंग वाजतं आणि अडीचशे जातात. उलट पेट्रोलवाल्यांच्या पंगतीत बसावं, तर तेही म्हणतात तुमचं काय बाबा, तुम्हाला मायलेज आहे. होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. म्हणजे सरकारने पेट्रोलच परस्पर हायब्रिड करून टाकलं, आणि २०१३ च्या माझ्या म्हातारीला कोणी विचारलंही नाही की बाई, तुला हे पचतं का?

शेवटी कुर्ल्याच्या आमच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, मेंटेनन्स मोडमध्ये टाका. मग इंजिन बंद होणार नाही. कृती अशी: ब्रेकला पाय न लावता बटण दोनदा दाबायचं. ‘पी’मध्ये अ‍ॅक्सिलरेटर पार खाली, दोन वेळा. मग ‘एन’मध्ये दोन वेळा. मग परत ‘पी’मध्ये दोन वेळा. मग ब्रेक दाबून बटण. सगळं ६० सेकंदांच्या आत. सत्यनारायणाला याहून कमी विधी असतात.

पहिल्या खेपेला ‘एन’पर्यंत गेले आणि काका खिडकीतून आत डोकावून मोठ्याने मोजायला लागले. “दोन झाले! तीन झाले!” तीन व्हायला नको होते. दुसऱ्या खेपेला मिनिट उलटलं. तिसऱ्या खेपेला मी काच वर केली. काका बाहेरून बोटं दाखवून मोजतच होते, पण आवाज येत नव्हता. पडद्यावर ‘मेंटेनन्स मोड’ अशी अक्षरं उमटली आणि इंजिन घरघरायला लागलं. बंद होईना.

बाहेर चक्क टाळ्या पडल्या. पाच वर्षांत ह्या गाडीचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं, आणि आता झालं ते ती इतर गाड्यांसारखी वागली म्हणून.

पोराने नळी खुपसली, थांबला, आकडे बघितले. मग मशीनच्या बाजूला एक चापट मारून पुन्हा बघितले.

“काय झालं?” मी विचारलं. पोटात गोळा.

“काही नाही मॅडम. खूपच कमी आहे.” त्याच्या चेहऱ्यावर, एवढी मेहनत करून एवढंच, असा भाव होता. १२५ रुपये झाले. माझ्याकडे दोनशेची नोट, त्याच्याकडे सुट्टे नाहीत. शेवटी १२५ काकांनीच भरले, हेही नमूद करायला हवं. त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीखाली नाण्यांचा बटवा होता. मी लगेच त्यांना फोनवरून पैसे पाठवते म्हणाले, तर, “राहू द्या हो ताई, आधीच केवढ्याला लुबाडलंय तुम्हाला.”

पावती घेतली. मेंटेनन्स मोड घालवायला गाडी एकदा पूर्ण बंद करावी लागते. केली, परत बटण दाबलं. ‘रेडी’ची अक्षरं लागली. इंजिन गप्प. मी ‘डी’ टाकला, पाय ब्रेकवरून सैल केला.

“अहो, परत बंद पडली!” मागून आवाज आला. “ताई, थांबा, धक्का मारतो! ए, या रे दोघं!”

काच खाली करून काही सांगावं असं एक क्षण वाटलं. पण आरशात काका, टेम्पोवाला आणि एक टॅक्सीवाला डिकीला हात टेकून वाकलेले दिसले. तोंडघशी पडू नयेत म्हणून मी अगदी हळूहळू पुढे घेतली. गाडी आवाज न करता सरकायला लागली. सिग्नलपर्यंत गेले तेव्हा काका हात झटकत उभे होते आणि टेम्पोवाल्याला काहीतरी समजावत होते.