मिसळ गरीब, मनुका तिखट

शेजारच्या काकूंनी परवा जिन्यात विचारलं, "लेक कशी आहे?" मी म्हणालो, "मजेत! मोठी गरीब आहे, मधली लाजते, धाकटी मात्र चावते." मला एकच मुलगी आहे, हे काकूंना पक्कं ठाऊक आहे. त्या पिशवी सावरत दोन पायऱ्या मागे सरकल्या.

काकूंना तरी काय बोल लावायचा? आमची लेक शिकायला अमेरिकेत गेली आणि तिकडे तिने चार साप पाळले. गार्टर साप. हात-दीड हात लांब, काळपट अंग, त्यावर लांबच्या लांब तीन पिवळे पट्टे, लाल जिभेला काळं टोक. माणसाला त्यांच्यापासून धोका नाही म्हणे. लेक इथे असती तर मी सरळ कायदा पुढे केला असता. आपल्याकडचा साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. पण तिकडे हे साप पैदास करणाऱ्यांकडून रीतसर विकत मिळतात. पोरीला तेव्हा घराची फार आठवण येत होती, त्या भरात तिने बारसं करून टाकलं: मिसळ, शेव, मनुका आणि चिवडा.

दर रविवारी सकाळी आठला (तिच्याकडे शनिवारची रात्र) व्हिडिओ कॉल येतो आणि माझी तोंडी परीक्षा सुरू होते. "बाबा, ही कोण सांगा?" चौघंही एका साच्यातून काढलेली. मी अंदाजाने "शेव" म्हणतो. "शेव कधी अशी समोर येईल का? तुम्ही तिला ओळखतच नाही!" म्हणजे तोंडावरून नव्हे, स्वभावावरून ओळखायचं. सख्ख्या मेहुण्याचा स्वभाव मला पंचवीस वर्षांत कळलेला नाही, पण ती सवलत इथे मिळत नाही.

त्यात नावांनी घोटाळा वाढवलाय. मिसळ म्हटल्यावर जाळ असणार असं कुणीही नाशिककर धरून चालेल. प्रत्यक्षात ती चौघांत गरीब. स्वतःहून काचेपाशी येते, लेकीच्या बाहीत शिरून तासभर पडून राहते. आणि मनुका! झाकण उघडायचा अवकाश, डोकं चपटं करते, अंग फुगवते आणि तोंड वासून झेप घेते. तरी उचललीच, तर शेपटीजवळच्या ग्रंथींतून असा दर्प सोडते की साबणाने हात धुऊनही पोरीला जेवण जात नाही. शत्रूची खायची वासनाच मरावी अशी निसर्गाची योजना आहे. शत्रूच्या जागी माझी मुलगी आहे, एवढाच फरक.

शेव सदा झाडाच्या सालीखाली. कॉलवर तिच्या नाकाचं टोक तेवढं दिसतं आणि त्यावरून बायको "बारीक झालीये गं" असा निष्कर्ष काढते.

चिवडा हा एकटा नर. या जातीत नर मादीपेक्षा किरकोळ अंगाचे असतात, आणि याने त्या किरकोळीचा पुरेपूर फायदा उठवलाय. बोटाएवढी फट दिसली की पसार. एकदा बेपत्ता झाला तेव्हा बायकोने इकडे काळारामाला नारळ बोलला. स्वारी पुस्तकांच्या कपाटामागे सापडली आणि आम्ही पंचवटीत जाऊन नारळ फोडून आलो. गुरुजींनी कुणासाठी म्हणून विचारलं. बायको म्हणाली, "नातवासाठी. घर सोडून गेला होता." गुरुजींनी त्याला चांगली बुद्धी मिळो म्हणून दोन फुलं जास्त वाहिली.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अगं, सापाला कसला आलाय स्वभाव? भूक लागली की खातो, भ्यायला की चावतो." झालं! लेकीने २०२० चा शोधनिबंध पाठवला. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात मॉर्गन स्किनर आणि नोआम मिलर यांनी गार्टर सापांची चाळीस पिल्लं आठ दिवस कॅमेऱ्याखाली ठेवली. काही धीट निघाली, काही बुजरी, आणि प्रत्येकाने आपला खाक्या सोडला नाही. शिवाय त्यांच्यात ठरलेले सोबती होते. दिवसातून दोनदा सगळ्यांना उचलून जागा बदलल्या, वास पुसून काढले, तरी पठ्ठे फिरून आपापल्या कंपूत जाऊन बसले. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत खुर्च्या कशाही मांडल्या तरी अगदी हेच होतं. फक्त वरून कॅमेरा लावायचं कुणाला सुचलं नाही.

बायकोने तो निबंध माझ्यापेक्षा मन लावून ऐकला. आता ती जाणकार झाली आहे. कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर निळसर साय येते, धड दिसत नाही, आणि मग गरिबातला गरीब सापही चिडचिडा होतो. हे कळल्यापासून "डोळे निळे आहेत का?" विचारल्याशिवाय ती कुणाच्याच रागावर मत देत नाही. मागच्या महिन्यात वीजबिलावरून माझा पारा चढला, तेव्हा ती चष्मा लावून माझ्या डोळ्यांत बघत होती.

सगळ्यात मोठी शोभा मात्र मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी झाली. रविवारची गर्दी, समोर काळ्या मसाल्याची तर्री, पापड, दही. माझी बोटं रश्शात, म्हणून बायकोने फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, मिसळने आज पाच गांडुळं खाल्ली!"

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं.

"पचतील ना गं?" बायको काळजीने म्हणाली. "मागे मिसळ ओकली होती."

"पचतील. आत्ता पाण्यात बसलीये. तिथेच शी केली, शी... वास!"

पलीकडच्या गृहस्थांनी चमच्याने मटकी उलटीपालटी करून पाहिली. एकेक दाणा बाजूला घेतला. मोडाचं शेपूट जरा लांब असलेला एक दाणा त्यांनी बशीच्या कडेला काढून ठेवला आणि त्याच्याकडे टक लावून बसले. जादा तर्री घेऊन आलेला पोऱ्या तसाच मागे फिरला, आणि मिनिटभरात मालक हात पुसत आले. "काका, काही तक्रार आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, आमची मिसळ वेगळी." त्यावर ते जास्तच दुखावले.

पावसाळ्यात दुसरं संकट. गोदेला पूर, दुतोंड्या मारुती कमरेच्या वर बुडालेला, आणि आमच्या पार्किंगमध्ये भलीमोठी दिवड. सर्पमित्राला बोलावलं. त्याने तिला उचलताच ती कडकडून चावली. "बिनविषारी आहे, काका, पण जात तापट," असं म्हणत त्याने हसत रक्त पुसलं. बायकोने हा सोहळा थेट अमेरिकेत दाखवला. लेक आनंदाने किंचाळली, "आई, ही मनुकाची चुलत बहीण! दिवड आणि गार्टर एकाच उपकुळातले." आपली नानेटीही त्याच घराण्यातली, अंगावर गार्टरसारखेच लांब पट्टे, आणि स्वभावाने इतकी सोशिक की हातात धरली तरी सहसा चावत नाही. म्हणजे एकाच घराण्यात एक दिवड आणि एक नानेटी! बायकोने माझ्या दोन बहिणींची नावं घेतली. कुठली कोण ते मी इथे लिहिणार नाही, दोघीही नाशिकरोडला राहतात.

दिवाळीनंतर आम्ही लेकीकडे जाणार आहोत. त्यातले चार दिवस ती परिषदेला बाहेर, तेव्हा मंडळींचं खाणंपिणं आमच्याकडे. कामांची वाटणी आत्ताच आली आहे. शेवचं जेवण ठेवून नजरेआड व्हायचं. चिवड्याच्या झाकणाची खिट्टी तपासायची. सगळ्यांना वेगवेगळं वाढायचं, कारण एकच गांडूळ दोघांनी दोन टोकांनी धरलं तर भांडण एकमेकांना गिळण्यापर्यंत जातं. मिसळ बायकोने आधीच मागून घेतली. मनुका माझ्या वाट्याला आली. तिला माशाचे तुकडे लांबूनच द्यायचे, हात आत घालायचा नाही.

म्हणून मी भांडीबाजारात जाऊन सगळ्यात लांब चिमटा मागितला. दुकानदाराने तीन-चार काढून दाखवले. मला त्याहून लांब हवा होता. "भट्टीसाठी का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, मनुकासाठी."

चिमटा कागदात गुंडाळता गुंडाळता त्याचा हात थांबला. म्हणाला, "काका, मनुका हातानंच खातात."