रिकामा शंख आणि ‘कुणाचे काय जाते’

सुट्टीचे दिवस जवळ आले की कोकण सहलीच्या सूचनांबरोबर एक मजकूर हमखास फिरू लागतो. पुळणीवरचे शंख-शिंपले मेलेल्या प्राण्यांचे असतात, ते कितीही गोळा केले तरी कुणाचे काही जात नाही, समुद्र रोज नवे आणून टाकतो, घरी आणून उकळत्या पाण्यात टाकले की ते स्वच्छ होतात आणि रंगावरून त्यांचे नाव सहज सापडते, असा त्याचा आशय असतो. मुलांना किनाऱ्याची गोडी लागावी हा त्यामागचा हेतू चांगला आहे. त्यातली विधाने मात्र एकेक करून तपासावी लागतात.

किनाऱ्यावरचा प्रत्येक शंख मेलेल्या प्राण्याचा असतो, हे खरे नाही. ओहोटीत उघडी पडलेली समुद्री गोगलगाय अंग आत ओढून घेते आणि शंखाचे तोंड झाकणीने घट्ट बंद करते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला ती निर्जीव वाटते. झाकणी नसून आत नांग्या दिसल्या, तर तो शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा असतो. त्याच्या पोटाला टणक कवच नसते, शंख त्याला स्वतः तयार करता येत नाही आणि अंग वाढेल तसा मोठा शंख शोधावा लागतो. म्हणजे खरोखर रिकाम्या असलेल्या शंखालाही गिऱ्हाईक असतेच. शंका आली तर शंख खडकातल्या डबक्यात ठेवून काही मिनिटे लांबून पाहावे. शहानिशा न करता उकळत्या पाण्यात टाकण्याचा सल्ला मला या मजकुरातला सर्वांत क्रूर भाग वाटतो. शिवाय शंकूच्या आकाराचे, नक्षीदार ‘कोन’ शंख जिवंत असतील तर विषारी डंख मारतात, आणि हिंदी-प्रशांत महासागरातल्या काही जातींच्या डंखाने माणसे दगावलेली आहेत. असा शंख मुलांच्या हातात किंवा खिशात जाता कामा नये.

समुद्र रोज नवे आणून टाकतो, हे अर्धसत्य आहे. स्पेनच्या भूमध्य समुद्रकाठच्या लार्गा किनाऱ्यावर सुमारे तीस वर्षांच्या अंतराने केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळात तिथले पर्यटक पावणेतीन पटींच्या आसपास वाढले आणि शिंपल्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. सगळा दोष वेचणाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही, कारण पर्यटनाबरोबर यंत्राने होणारी किनारेसफाईही येते. पण साठा अक्षय आहे, हा समज त्यापुढे टिकत नाही.

‘कितीही गोळा करा’ हे कायद्यालाही धरून नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली २००१ मध्ये शंख-शिंपल्यांच्या काही जातींना संरक्षण मिळाले आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेला चपटा, अर्धपारदर्शक शिंपला त्यांत होता.

राहिला प्रश्न ओळखीचा, आणि वेचण्यातला खरा आनंद इथेच आहे. रंगावर विसंबले की हमखास फसगत होते. आपल्या पुळणींवर सापडणारा, शर्टाच्या बटणासारखा चपटा आणि गुळगुळीत ‘अंबोनियम’ घ्या: एकाच जातीत राखी, तपकिरी, गुलाबी, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे असे कितीतरी नमुने मिळतात, उलट उन्हात पडून राहिलेले निरनिराळ्या जातींचे शिंपले सारखेच पांढरे होतात. तिसऱ्यांचा (वाळूत राहणाऱ्या, खाल्ल्या जाणाऱ्या दुहेरी शिंपल्यांचा) शिंपला उलटा करून आतून पाहिला, तर स्नायू चिकटल्याच्या दोन खुणा आणि त्यांना जोडणारी एक रेषा दिसते. ती रेषा एका बाजूला आत वळलेली असते, आणि ते वळण जितके खोल तितक्या त्या प्राण्याच्या पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळ्या लांब, म्हणजे तो वाळूत अधिक खोल राहणारा. कालवाच्या शिंपल्यात स्नायूची एकच खूण असते. (शिंपल्याच्या टोकाजवळ गोल, आत निमुळते होत गेलेले भोक दिसले, तर ते बहुधा ‘नॅटिका’च्या कुळातल्या शिकारी गोगलगायीने पोखरलेले असते, ते माळेसाठी कुणी पाडलेले नसते.) म्हणून शिंपल्याची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि दोन्ही शिंपले जिथे जोडलेले असतात त्या बिजागरीचे दात, तर शंखाचे तोंड आणि शेंड्याचे वेढे, असे फोटो शेजारी नाणे ठेवून काढावेत. एवढ्यावरून बहुतेक वेळा निदान कुळापर्यंत तरी पोहोचता येते, आणि त्यासाठी शंख घरी आणावा लागत नाही.