होडीला धरून

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, मी बुडत नव्हतो. फोटोत तसं वाटतं हे मला मान्य आहे. दोन्ही हात होडीच्या काठाला, पोहायची टोपी भुवयांपर्यंत खाली आलेली, तोंड उघडं, आणि होडीत बसलेला माणूस तळहातावर तंबाखू मळत माझ्याकडं बघतोय, बाजारात वांगी बघावीत तसा. हा फोटो रविवारी रात्री आमच्या ब्रँचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, खाली लिहिलेलं "साहेब पार्किंगमध्ये". सोमवारी सकाळपर्यंत त्यावर बावीस जण हसून गेले होते, त्यात एक आमच्या मॅनेजर मॅडम. या मॅडम क्वार्टरचं टार्गेट पूर्ण झालं तरी नुसता अंगठा देतात.

तर ट्रायथलॉन. पोहणं, सायकल, पळणं, एका दमात. त्यातला एक छोटा प्रकार म्हणजे स्प्रिंट, ७५० मीटर पोहायचं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळायचं. छोटा म्हणजे ज्यांनी केलेला नाही त्यांच्यासाठी छोटा. मी २०१९ मध्ये केला होता आणि बरा केला होता. मग प्रमोशनवर बदली झाली, मग लॉकडाऊन, मग गुडघा, मग गुडघा बरा झाला तरी गुडघाच सांगत राहिलो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर दोन वर्षं खातेदारानं स्वतः एकही व्यवहार केला नाही की खातं डॉरमंट होतं, म्हणजे झोपी जातं. माझं शरीर या नियमानं केव्हाच डॉरमंट झालेलं, पण मला वाटायचं बॅलन्स तर आत आहे ना.

साताऱ्यात राहायचं म्हणजे ही एक अडचणच आहे. २०१२ पासून इथं हिल मॅरेथॉन होते आणि तेव्हापासून गावाचं डोकं फिरलंय. पहाटे यवतेश्वरच्या घाटात जावं तर डॉक्टर पळतायत, वकील पळतायत, ज्यांच्या पाठीला तुम्ही कर्जाच्या हप्त्यासाठी लागलाय तेही पुढं पळतायत. अशा गावात चव्वेचाळिसाव्या वर्षी नुसतं गप्प बसणं हे लोकांना आजारी असल्यासारखं वाटतं. म्हणून नोव्हेंबरात रात्री साडेअकराला, जेवण जास्त झालेलं असताना, फॉर्म भरला. तयारी तीन आठवडे, तीही पंचवीस मीटरच्या तलावात, जिथं दर पंचवीस मीटरला भिंत येते. भिंतीचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं.

पोहायचं होतं कण्हेर धरणाच्या पाण्यात. जानेवारीतली सकाळ, वेण्णेवर धुकं, आणि पाणी असं की पाय घातल्यावर पहिल्यांदा आईची आठवण आली आणि मग जे आठवलं ते इथं लिहिता येत नाही. शिट्टी वाजली, सगळे गेले. तलावात खाली काळी पट्टी असते, तिच्यावरनं सरळ जाता येतं. धरणात खाली काही नसतं. हिरवं, मग काळं, मग आपले विचार. मी नारिंगी फुग्याच्या दिशेनं हात मारत होतो आणि थोड्या वेळानं डोकं वर काढून बघितलं तर फुगा डावीकडं आणि मी मेढ्याच्या दिशेला. परत फिरलो, आणि साधारण निम्म्यावर श्वासानं राजीनामा दिला. तिथं एक होडी होती. मी धरली.

आता नियम असा आहे की होडी धरलेली चालते. दम लागला की धरा, विसावा घ्या, फक्त होडीनं पुढं सरकायचं नाही. हे सगळं आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं, पण होडीतल्या मामांना बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं.

"या," मामा म्हणाले. जसं काही मी ओसरीवर आलोय. "बसा वर."

"नाही मामा, बसायचं नाही. नुसतं धरायचं."

"म्हंजे?"

"धरून थांबायचं. दम गेला की सोडायचं."

मामांनी यावर विचार केला. "मग त्या फुग्यापतूर सोडू का?" आणि वल्हं उचललंसुद्धा.

"नको नको नको! बाद करतील!"

"कोन बगतंय हितं?"

"मामा, नियम आहे."

"म्हंजे धरायचं, पन जायचं न्हाय." त्यांनी वल्हं खाली ठेवलं. "आवो मी बामनोलीचा. तिकडं शिवसागरावरनं लोकं वासोट्याला जायला पैशे देत्यात. तुमी न जायला दिलं व्हय?"

मी हसायचा प्रयत्न केला, त्यात पाणी गेलं. मामांना तो होकार वाटला असावा. ते आता नीट वळून बसले, तंबाखूची पिशवी काढली, आणि माझ्या लक्षात आलं की या माणसाला पहाटे पाचपासून इथं एकटं बसवलंय आणि आत्तापर्यंत एकही जण बोलायला थांबलेला नाही, कारण बाकीच्यांना पोहता येत होतं.

"कुनीकडचं तुमी?"

"साताराच. गोडोली."

"मूळ?"

छातीत भाता चाललाय, पाय बधिर, आणि मी मूळ गाव सांगतोय, तिथली भावकी सांगतोय. त्यांची एक चुलत मेहुणी आमच्या गावात दिलेली निघाली. म्हणजे आता पाहुणे झालो. आता होडी सोडून चटकन निघणं बरं दिसलं नसतं.

"आमी पन प्हायलो लई," मामा तंबाखू मळत म्हणाले. "आमचं जुनं गाव पान्याखाली गेलं कोयनंच्या. पलीकडं जमीन ऱ्हायलेली थोडी. तिकडं जायला प्हायचं. मेडल न्हाय दिलं कुनी." हे त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, माहिती म्हणून सांगितलं, आणि मला उगीचच माझ्या डोळ्यावरच्या सतराशे रुपयांच्या गॉगलची लाज वाटली.

तेवढ्यात काठावरचा माइक जागा झाला. माइकवाल्याबद्दल मला स्वतंत्र लिहायला पाहिजे, पण माझं डोकं फिरेल. हा माणूस सकाळपासून थांबलाच नव्हता. "आणि आपण बघतोय की दोनशे सतरा नंबर, आपल्या साताऱ्याचेच स्पर्धक, होडीला धरून आहेत! हा खाशाबा जाधवांचा जिल्हा आहे! एकोणीसशे बावन्न, हेलसिंकी! हा ललिता बाबरचा जिल्हा आहे! जोरदार टाळ्या होऊ द्या!" आणि खरंच टाळ्या झाल्या. आता मला सांगा, गोळेश्वरच्या त्या माणसानं देशाला कुस्तीतलं ब्राँझ आणून दिलं, माणच्या मोहीची ती मुलगी रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पळाली, त्यांची नावं तुम्ही होडीला लटकलेल्या बँक अधिकाऱ्यावर टाकता? यात त्यांचा अपमान आहे की माझा?

"तुमच्या नावानं वरडतोय," मामा म्हणाले. "कामाला कुठं?"

इथं मी चूक केली. खोटं बोलायला पाहिजे होतं. "बँकेत," म्हणालो, आणि वर बँकेचं नावही सांगितलं.

मामांचा मळणारा अंगठा थांबला. "आवो आमचं खातं तुमच्याच ब्यांकेत हाय की! बंद करून टाकलंय!"

"बंद नाही करत मामा. डॉरमंट. दोन वर्षं व्यवहार नसेल तर होतं."

"चौदा हजार हायत त्यात. म्या काडलंच न्हाय, ऱ्हाऊ दे म्हनलं. पैशे काडलं न्हाय म्हनून खातं बंद? काडलं असतं तर चालू?"

धरणाच्या मधोमध, तोंडात पाणी, आणि समोर कस्टमर. मला अठरा वर्षांच्या सर्व्हिसमध्ये या प्रश्नाला चांगलं उत्तर सापडलेलं नाही आणि तिथंही सापडलं नाही. "केवायसी करावं लागेल," मी म्हणालो. हे वाक्य आमच्या तोंडातनं झोपेतही निघतं.

"तीनदा गेलो. सर्व्हर न्हाय म्हनत्यात."

"कुठल्याही ब्रँचला होतं. साताऱ्याला या माझ्याकडं. आधार, पॅन, दोन फोटो."

"पॅन न्हाय."

"फॉर्म साठ भरू."

"कवा येऊ?"

"उद्या या," म्हणालो, आणि होडी सोडली. कधी कधी काउंटरवरनं सुटायला हाच उपाय असतो. मागनं मामांचा आवाज आला, "सावकाश जावा! घाई न्हाय!" आणि माइकवर, "दोनशे सतरा यांनी होडी सोडली आहे!" मला वाटतं त्याच सुमारास दुसऱ्या होडीतला फोटोग्राफर कॅमेरा मिटून चहाला गेला असणार, कारण सोडल्यानंतरचा एकही फोटो नाही.

२७ मिनिटं लागली पोहायला. कट-ऑफ तीस होता. पुढचं पटकन सांगतो कारण पुढचं नुसतं दुःख आहे. ओल्या पायात मोजे जात नाहीत. हेल्मेटचा पट्टा लावायच्या आधी सायकलला हात लावला म्हणून एका विशीतल्या मार्शल मुलीनं मला परत मागं पाठवलं, काका म्हणून. सायकलला मेढा रोडवर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं चार किलोमीटर, पुढच्या ट्रॅक्टरवर स्पीकर, स्पीकरवर बेंजो, आणि ओव्हरटेक करायला गेलं की ट्रॉलीतनं एक ऊस लोंबकळत आपल्या कानाकडं येतो. सायकलवरनं उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत, कुणाचे तरी मागून आणल्यासारखे पडतात, त्यावर पाच किलोमीटर. एकूण २ तास १४ मिनिटं. माझ्या मागं तिघं होते. त्यातला एक चुकून मागं होता, त्याची चेन तुटलेली.

पळताना मला ते अमेरिकेतल्या हवाई बेटांवरचं आठवत होतं. १९७८ साली आयर्नमॅन नावाची लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी पुरी केली. पोहणारा जास्त दमाचा, सायकलवाला की पळणारा, या वादातनं सुरू झालेलं प्रकरण, म्हणजे आपल्याकडं पारावर जे होतं तेच, फक्त यांनी पारावरनं उठून करून बघितलं. पहिला आलेल्याचं नाव सगळीकडं मिळतं. मला मात्र सारखी त्या राहिलेल्या तिघांची आठवण येत होती. सोमवारी ते कामावर गेले असतील. निदान त्यांचे ग्रुप तरी नव्हते.

आणि आता पोह्यांचं. हे मी हसत लिहायचं ठरवलं होतं, पण जमत नाहीये. फी साडेतीन हजार. त्यात लिहिलेलं, नाष्टा. मी पोचलो तेव्हा पातेल्याच्या तळाला चार शेंगदाणे आणि कढीपत्ता, आणि चहाचं थर्मास एक पोरगा तिरकं धरून निथळवत होता. "संपले सर, लवकर यायला पाहिजे होतं." अरे बाबा, लवकर यायलाच तर सकाळपासून मरतोय! पहिल्या आलेल्यानं सव्वा तासात संपवलं, त्यानं दोन प्लेट खाल्ल्या, मी बघितला. ज्याला जास्त वेळ लागतो त्याची भूक जास्त असते, हे कुणाच्याच डोक्यात कसं येत नाही? मागनं येणाऱ्यांनी पण तेवढेच पैसे भरलेले असतात. उलट अशा स्पर्धा आमच्यासारख्यांच्याच पैशावर चालतात, पुढं पळणारे दहा-पंधरा, बाकी आम्ही. मेडल तेवढं मिळालं, ते खाता येत नाही. शेवटी पोवई नाक्यावर येऊन मिसळ खाल्ली, मेडल गळ्यातच होतं, हॉटेलवाल्यानं विचारलं, "शाळेचं गॅदरिंग होतं का?"

फोटोचा हिशेब वेगळाच. संध्याकाळी लिंक आली, आपला चेहरा दाखवायचा आणि मशीन आपले फोटो शोधून देणार. शोधला. एक. २४९ रुपये. विकत घ्यायच्या आधी जो नमुना दाखवतात त्यावर आडवी पांढरी अक्षरं असतात, ती बरोबर माझ्या पोटावर आली होती, एवढंच काय ते समाधान. मी घेतला नाही. पण लिंक मी मोठ्या उत्साहानं आल्या आल्याच ब्रँचच्या ग्रुपवर टाकून ठेवलेली, आपल्याला शोधा म्हणून. लोन डिपार्टमेंटच्या पोरानं शोधला.

सोमवारी साडेअकराला ऐन गर्दीत आमचा शिपाई जवळजवळ पळत माझ्या टेबलाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, होडी आली!"

मामा दारात उभे होते. डोक्याला टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार. पूर्ण ब्रँचनं त्यांना ओळखलं. कॅशमधले उठून बघायला लागले. त्यांना खुर्ची मिळाली, मला कधी मिळत नाही तसला आल्याचा चहा मिळाला, आणि मॅडम स्वतः केबिनमधनं बाहेर आल्या. मामांनी चहा बशीत ओतला आणि विचारलेल्या प्रत्येकाला सांगत राहिले, "बुडतवतं. म्या धरलं."

"मामा, मी होडी धरली होती."

"त्येच की."

फॉर्म साठ मी भरला. सर्व्हर त्या दिवशी चालू होता, हे त्यांचं नशीब. फक्त अंगठा उमटेना. वल्हं आणि दोरखंड ओढून ओढून त्यांच्या बोटांच्या रेघाच गेल्यात, मशीनला काही दिसत नव्हतं. पहिल्यांदा फेल. दुसऱ्यांदा हात पुसून, फेल. मागं लाइन वाढत चाललेली, मला घाम फुटलेला. तिसऱ्यांदा मी त्यांचा अंगठा स्वतःच्या हातानं मशीनवर दाबला.

"सावकाश," मामा म्हणाले. "दम घ्या. धरू का आजून?"

"धरा मामा. हलू नका. नुसतं धरून थांबा."

माझ्या मागं कुणाच्या तरी मोबाईलचा फोटो काढल्याचा आवाज आला.