डावा हात वर

आमच्या मनूची दाढ किडली. दुधाची, खालची. "दुधाचीच आहे, पडेल की आपोआप," असं म्हणून पैसे वाचवायचा अस्सल पुणेरी प्रयत्न मी करून पाहिला. "पडेल ना," डॉक्टरबाई म्हणाल्या, "दहा-अकरा वर्षांची झाली की. आत्ता ती सहाची आहे. तोवर खालून येणाऱ्या दाताची जागा कोण धरून ठेवणार, तुम्ही?" पीएमटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात तारुण्य गेलेला माणूस मी. मुद्दा लगेच पटला.

अपॉइंटमेंट चार दिवसांनी होती. त्या चार दिवसांत घरातल्या प्रत्येकाने मनूला धीर दिला. बायको म्हणाली, "अजिबात दुखणार नाही हं." मी म्हणालो, "मुळीच घाबरायचं नाही." मनूच्या डोक्यात तोवर दुखण्याचा विषयही नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काय दुखणार नाहीये?" मग आईने, म्हणजे तिच्या आजीने, आमच्या वेळी दाराच्या कडीला दोरा बांधून दात कसा उपटायचे ते रक्तासकट सांगितलं. त्या रात्री मनू आमच्या मध्ये झोपली. मी जागाच होतो. मोबाइलवर वाचत पडलो की 1844 साली होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने लाफिंग गॅस हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. हा गॅस पालकांनाही देतात का, ते मात्र कुठे सापडेना.

कोथरूडात गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली. (माझ्या मते बधिरीकरणाची खरी गरज तिथे आहे.) आत शिरताच डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "सुई, इंजेक्शन, दुखणं आणि घाबरू नकोस, हे शब्द इथे चालत नाहीत. तुम्ही घाबरू नकोस म्हणालात की मुलांना कळतं, घाबरण्यासारखं काहीतरी आहे." उरलेल्या मराठीत मला काही सुचेना. मी गप्प बसलो.

त्यांची पद्धत साधी होती: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं. थुंकी ओढणारी नळी ही हत्तीची सोंड. ड्रिल म्हणजे दाताचा शॉवर. तो आधी मनूच्या नखावर फिरवून दाखवला. मग माझ्या. मी हात मागे घेतला. मनूने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला तिच्या लग्नापर्यंत पुरेल.

"डावा हात वर केलास की मी थांबणार. नक्की," बाई म्हणाल्या. मनूने लगेच हात वर केला. बाई थांबल्या. पुन्हा केला, पुन्हा थांबल्या. मोठी माणसं खरंच थांबतात, हे पाहून मनू खुर्चीत रेलून बसली.

हिरडीला स्ट्रॉबेरीच्या वासाची जेली लावून थोडा वेळ जाऊ दिला. मग "आता दाताला झोपवायचं, जरा चिमटा बसल्यासारखं वाटेल" म्हणत त्यांनी एका हाताने मनूचा गाल हलवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हाताने ती वस्तू हनुवटीखालून, तिला दिसणार नाही अशी, आणली. औषध अगदी सावकाश सोडलं, कारण भसकन सोडलं की जास्त दुखतं. मनूने एकदा "अं" केलं. बाईंनी कबूल केलेला चिमटा तेवढाच होता. मला मात्र सगळं दिसत होतं.

"बाबांना बसवा," बाई असिस्टंटला म्हणाल्या.

बाकी दाढ भरणं वीस मिनिटांत उरकलं. बधिर ओठ चावून ठेवू नये म्हणून दोन तास खायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. "माझा ओठ वडापावएवढा झालाय," असं मनूने जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

घरी आई दारातच उभी होती. "रडलीस का गं? अगं, आमच्या वेळी तर दाराच्या कडीला दोरा..."

मनूने डावा हात वर केला.

आई थांबली. माझ्या बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.