पंख तपासून मगच पाणी द्यावे

दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस देवदूत आहे की नुसताच वाटसरू, याचा निकाल त्याला पाणी विचारण्यापूर्वीच लावलेला बरा, नाहीतर आदरातिथ्य फुकट जाण्याचा धोका असतो. बायबलमधील मंडळींनी या बाबतीत फार हयगय केली असल्यामुळे त्यांचा कित्ता आपण गिरवू नये.

प्रथम पंख पाहावेत. यशया या संदेष्ट्याला दिसलेल्या सराफीम नावाच्या स्वर्गीय दूतांना सहा-सहा पंख होते आणि यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याच्या दृष्टान्तातील प्राण्यांना चार पंख व चार तोंडे होती, हे खरे. परंतु तसली मंडळी दाराची कडी वाजवत नाहीत. घरी येतात ते चारचौघांसारखेच दिसतात. बेथेल येथे याकोबाच्या स्वप्नात तर देवदूत शिडीवरून चढउतार करत होते. पंख असताना शिडी कशाला, हे त्याने विचारले नाही. ख्रिस्ती चित्रकलेतही त्यांना पंख फुटले ते चौथ्या शतकाच्या सुमारास. तरीही पंखांचा आग्रह सोडू नये, कारण त्यामुळे बहुतेक पाहुणे उंबऱ्याबाहेरच राहतात आणि घरातले पीठ वाचते.

अब्राहामाने पिठाचा विचार केला नाही. मम्रेच्या राईत भर उन्हात तीन पुरुष दिसताच तो 99 वर्षांचा म्हातारा धावत गेला, भुईपर्यंत लवला, थोडी भाकर आणतो म्हणाला आणि साराला तीन मापे सपीठ मळायला लावून वर एक कोवळे वासरूही शिजवून घेतले. कुठून आलात, कोणी पाठवले, असा एकही प्रश्न नाही!

बायबलमधलाच मानोहा मात्र आपल्यातला माणूस. परमेश्वराचा दूत त्याच्या बायकोला भेटला, मुलगा होईल म्हणाला, काय खाऊ-पिऊ नये तेही सांगून गेला. तिने ना त्याचे गाव विचारले ना नाव. नवरोबांना हे कसे पटावे? त्यांनी प्रार्थना करून दूताला परत बोलावले. तो आला, पण पुन्हा शेतात बसलेल्या बायकोकडेच, आणि तिलाच धावत जाऊन नवऱ्याला आणावे लागले. मग रीतसर चौकशी झाली: या बाईशी बोललास तो तूच काय? तुझे नाव काय? नाव हवे होते ते तुझा शब्द खरा ठरल्यावर तुझा सन्मान करता यावा म्हणून. सन्मानात उधारी नाही, हे तत्त्व वाखाणण्याजोगे आहे. दूत नाव न सांगताच वेदीच्या ज्वाळेतून वर निघून गेला तेव्हा मानोहाला ओळख पटली, आणि त्याने लगोलग निष्कर्ष काढला की आता आपण मरणार. मारायचेच असते तर त्याने आपले अर्पण स्वीकारले नसते, असे बायको म्हणाली. ग्रंथात तिचे नाव नाही; चौकशी करणाऱ्याचे आहे.

इतके करूनही शंका उरल्यास तज्ज्ञाला गाठावे. बौराचा मुलगा बलाम हा नाणावलेला द्रष्टा. 1967 साली जॉर्डनमधील देईर अल्ला येथे सापडलेल्या, भिंतीच्या गिलाव्यावरील प्राचीन लेखातही तो द्रष्टा म्हणूनच येतो. मवाबाचा राजा बालाक याने त्याच्यासाठी दक्षिणा देऊन माणसे धाडली होती. बालाकाकडे जाताना वाटेत देवदूत तीनदा आडवा उभा राहिला आणि तिन्ही वेळा तो दिसला फक्त गाढवीला. ती आधी शेतात वळली, मग भिंतीला घासून धन्याचा पाय चिरडला, शेवटी खाली बसली. द्रष्ट्याने तिला प्रत्येक वेळी झोडपले. हातात तलवार असती तर तुला आत्ताच ठार केले असते, असे तो तिला ओरडून म्हणाला, तेव्हा देवदूताची तलवार समोरच उपसलेली होती.