उपाशीपोटी

सोलापुरात राहणाऱ्याने थायरॉईडच्या गोळीचा डोस उन्हाळ्यात ठरवायला घेऊ नये. डोस जास्त तर होत नाही ना, हे बघायला डॉक्टर विचारतात, "फार गरम होतं? घाम येतो? झोप लागत नाही? चिडचिड होते?" माझं सगळ्याला हो. पण पारा ४० च्या वर गेलेला असताना भर दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर थांबलेल्या कुणालाही हेच विचारून बघा. तोही हो म्हणेल, वर "काय बे, उन्हात उभं करून काय विचारतोस?" म्हणेल, म्हणजे चिडचिडही सिद्ध. त्याची ग्रंथी गळ्यात शाबूत आहे आणि माझी ऑपरेशनमध्ये गेली, एवढाच काय तो फरक.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही. गाठीपायी सगळी ग्रंथी काढली. थोडे दिवस आवाज बसला होता, त्या काळात घरात कमालीची शांतता नांदली असं हे अजूनही आठवण काढून सांगतात. ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार चिमुकल्या ग्रंथी मात्र रुसल्या. ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या. एकाच घरात अबोला धरलेल्या दोन जावांना वाढावं, तसं मी त्यांना वेगवेगळ्या वेळी वाढत होते.

खरा प्रश्न चहाचा. गोळी पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा तास, शक्यतो तासभर पोटात काही नाही. आमच्या सासूबाई पाचला उठतात आणि पाच वाजून दहा मिनिटांनी आल्याचा वास घरभर फिरतो.

"आई, मला तासभर चहा नको."

"का गं?"

"उपाशीपोटी राहायचंय."

"मग चहा घे की. चहानं उपास मोडतोय होय?"

आता काय बोलणार? जन्मभर एकादशीला चहावर तग धरलेली बाई ती. चहा, दूध, कॉफी यांनी गोळी नीट शोषली जात नाही, हे मी त्यांना समजावलं. "एवढीशी गोळी, आणि तोरा केवढा!" एवढंच त्या म्हणाल्या. तोरा खरा आहे. माझ्या गोळीत औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वर्षभराचं सगळं मिळून ३६ मिलिग्रॅमच्या आसपास. सराफाच्या काट्यावर ठेवलं तर काटा जेमतेम हलायचा.

सुरुवातीचा डोस कमी पडला होता. होळी झाली तरी मी आपली सोलापुरी चादर गुंडाळून बसलेली. त्या चादरीची कीर्ती जगभर असेल, पण एप्रिलच्या तोंडावर ती पांघरणारी बाई गल्लीने पहिल्यांदाच पाहिली. शेजारच्या अक्का हळूच सासूबाईंना विचारून गेल्या, "सुनेला बाहेरचं काही नाही ना?" मग डोस वाढला. पण आज वाढवला म्हणून उद्या गुण येत नाही. हे औषध रक्तात इतकं रेंगाळतं की निम्मं सरायलाच आठवडा लागतो. म्हणून टीएसएचची, म्हणजे डोस पुरतोय की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी सहा आठवड्यांनी. सासूबाईंना मात्र डोकेदुखीच्या गोळीचा हिशेब ठाऊक. रोज दुपारी विचारायच्या, "उतरलं का?"

एकदा त्यांना गप्प करावं म्हणून मी जुनी हकीकत सांगितली. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी ही ग्रंथी निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून बरं केलं. पुढे रोगी मेंढीची ग्रंथी चक्क खायलाही लागले. सिद्धेश्वराच्या भक्त, घरात अंडं न येऊ देणाऱ्या सासूबाईंनी माझ्या गोळीची बाटली देवघराजवळच्या फळीवरून उचलून थेट चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवली. आताची गोळी कारखान्यात रसायनांपासून बनते हे पटवता पटवता माझी धडधड वाढली. आता ती डोसची की सासूबाईंची, हे कोणत्या लॅबमध्ये तपासायचं?

घरात तर सोयच झाली. भाजीत मीठ जास्त पडलं, थायरॉईड. शेंगाचटणी संपली हे सांगायला विसरले, थायरॉईड. नणंदेचा फोन उचलला नाही, तोही थायरॉईडच. शेवटचं मी मुद्दाम खोडून काढत नाही.

पुढे कॅल्शियम बंद झालं, रिपोर्टही सुधारला. चहाचं रडगाणं ऐकून डॉक्टर म्हणाले, "मग रात्री झोपताना घ्या. जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. वेळ बदलली की सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त." सासूबाई खूश. पहाटेचा चहा परत जोडीने सुरू झाला.

आता अकराला गोळी घ्यायची तर आठच्या आत जेवण उरकायला हवं. माझ्या एकटीचं नाही, सगळ्यांचं, कारण मी दोनदा भाकऱ्या थापणार नाही. हे दुकान बंद करून साडेनऊला येतात, झाकलेल्या ताटातली गार भाकरी कडक झालेली बघतात आणि विचारतात, "गोळी नेमकी कुणाला लागू झालीय?"

"कडक भाकरी सोलापूरची खासियत आहे," सासूबाई आतून म्हणतात, "जेव मुकाट्यानं."