साठ लढाया आणि पानिक्सची खिंड

जगातल्या अपराजित सेनापतींचा एक फोटो सध्या ग्रुपवर फिरतोय. त्यात थोरल्या बाजीरावांच्या शेजारी रशियाचा अलेक्सांद्र सुवोरोव्ह आहे आणि खाली ओळ आहे, ‘साठहून जास्त लढाया, पराभव शून्य’. हा माणूस मला वर्षानुवर्षं आवडत आलाय. म्हणूनच ती ओळ मला खटकली. न राहवून लिहितोय, जरा लांबलंय.

पहिली गोष्ट, ‘शून्य’ हे खरं नाही. १७७१ मध्ये पोलंडमधल्या लांत्सकोरोना किल्ल्यावरचा त्याचा पहिला हल्ला फसला. १७८८ मध्ये ओचाकोव्ह या तुर्की किल्ल्याच्या वेढ्यात त्यानं वरून हुकूम नसताना चढाई केली, माणसं गमावली आणि स्वतः मानेत गोळी खाऊन मागं आला. त्याचा वरिष्ठ सेनापती पोतेम्किन त्याच्यावर भयंकर चिडला होता. हे लपवून त्याची उंची वाढत नाही.

खरी उंची दुसरीकडे आहे. त्या काळी रशियात सरदारांची पोरं पाळण्यात असतानाच पलटणीत नाव लावायची आणि मिसरूड फुटेपर्यंत अधिकारी होऊन बसायची. सुवोरोव्ह तब्येतीनं किरकोळ. त्याचं नाव उशिरा लागलं. १७४८ साली तो सेम्योनोव्स्की रेजिमेंटमध्ये कॉर्पोरल म्हणून रुजू झाला आणि अधिकारी व्हायला १७५४ साल उजाडलं. ही सहा वर्षं त्यानं शिपायांत काढली आणि ती आयुष्यभर त्याच्या अंगात राहिली. गवताच्या अंथरुणावर झोपायचं, पहाटेच्या अंधारात उठायचं, अंगावर गार पाणी ओतून घ्यायचं. पुढं सुझ्दाल रेजिमेंट हाती आल्यावर नोवाया लादोगा गावात त्यानं सैनिकांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्याच्या ‘विजयाचं शास्त्र’मध्ये ‘गोळी मूर्ख, संगीन बहाद्दर’ हे प्रसिद्ध वाक्य आहे, पण त्याच पुस्तकात शिपायानं आजारी पडू नये म्हणून काय खावं, काय टाळावं हेही आहे. ज्या काळात फौजेची माणसं शत्रूपेक्षा तापानं आणि हगवणीनं जास्त जायची, त्या काळात हे सुचणं मला फार मोठं वाटतं.

आता इझ्माईल. डॅन्यूबकाठचा तुर्कांचा बळकट किल्ला. सुवोरोव्हनं आधी नकली तट आणि खंदक बांधून घेतले, त्यावर रात्री-रात्री शिड्यांचा सराव करून घेतला, आणि २२ डिसेंबर १७९० च्या पहाटे हल्ला चढवला. सेनापती म्हणून ही तयारी अजोड आहे. पण किल्ला पडल्यावर शहर तीन दिवस लुटीसाठी मोकळं सोडलं गेलं. तुर्कांच्या बाजूचे मेले ते वीस हजारांच्या वर. चार वर्षांनी, ४ नोव्हेंबर १७९४ ला, वॉर्सासमोरच्या प्रागा वस्तीत त्याचे सैनिक घुसले आणि हजारो नागरिकांची कत्तल झाली, त्यात बायका-मुलंही होती. त्याबद्दल त्याला फील्डमार्शलपद मिळालं. पोलिश माणसाला त्याचं नाव ऐकून काय वाटत असेल, याचा विचार ‘पराभव शून्य’ लिहिणाऱ्यानं एकदा तरी करावा. इझ्माईल आज युक्रेनमध्ये आहे. तिथला त्याचा पुतळा २०२२ मध्ये उतरवला गेला. त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

मग तरी तो मला का आवडतो? त्याचं उत्तर १७९९ मध्ये आहे. झार पावेलनं प्रशियन पद्धतीचे पावडर लावलेले केस आणि वेण्या सैन्यावर लादल्या, सुवोरोव्हला ते पटेना. १७९७ मध्ये त्याला काढून टाकलं आणि कोंचान्स्कोये या त्याच्या खेड्यावर पाळतीखाली ठेवलं. दोन वर्षांनी, फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मित्र ऑस्ट्रियाच्या आग्रहामुळे त्यालाच परत बोलवावं लागलं. सत्तरीला टेकलेल्या या म्हाताऱ्यानं चार महिन्यांत कास्सानो, त्रेबिया आणि नोवी जिंकून उत्तर इटलीतून फ्रेंचांना मागं रेटलं.

आणि नेमकं तेव्हाच दोस्त राष्ट्रांनी त्याला स्वित्झर्लंडकडे वळवलं. ऑस्ट्रियानं कबूल केलेली खेचरं वाटेवरच्या तावेर्ने गावात आलीच नाहीत. तिथं त्याचे मोलाचे दिवस गेले, शेवटी कोसॅकांच्या, म्हणजे त्याच्याच घोडेस्वारांच्या, घोड्यांवर सामान लादलं. आल्प्समधली गोटहार्ड खिंड चढून, २५ सप्टेंबरला शोलेनेनच्या घळीतला सैतानाचा पूल लढून ओलांडून तो आल्टडोर्फला पोचला. तिथं कळलं की सरोवराच्या काठानं पुढं रस्ताच नाही आणि होड्या फ्रेंचांकडे आहेत. मग किंत्सिग खिंड चढून मुओटा खोऱ्यात उतरला. तिथं दुसरी बातमी आली: ज्याला भेटायला हा सगळा खटाटोप, त्या रशियन सेनापती कोर्साकोव्हच्या फौजेला फ्रेंच सेनापती मासेनानं झुरिचजवळ धुळीला मिळवलं होतं. म्हणजे समोर शत्रू, मागं शत्रू, दारूगोळा संपत आलेला, बुटांचे तळ गेलेले.

शरण जायला कुणी नाव ठेवलं नसतं. पण मागं त्याचा सरदार रोझेनबर्गनं मासेनाला थोपवून धरलं, पुढं दुसरा सरदार बाग्रातिओन वाट काढत राहिला आणि फौज ग्लारुसला पोचली. तिथून ऑक्टोबरच्या बर्फात २,४०० मीटर उंचीची पानिक्सची खिंड. वाट दिसत नव्हती, तोफा दरीत सोडून द्याव्या लागल्या, माणसं कड्यावरून घसरून गेली, काही रात्रीच गारठून गेली. निघाले होते सुमारे एकवीस हजार, ऱ्हाइनच्या खोऱ्यात उतरले सुमारे पंधरा हजार.

मोहिमेचा हेतू फसला होता, एक इंच प्रदेश हाती आला नव्हता. पण ते पंधरा हजार जिवंत होते, आणि तो म्हातारा त्यांच्याबरोबर आला होता. माझ्यासाठी सुवोरोव्ह तिथं, त्या खिंडीत आहे.

त्याबद्दल त्याला जनरलिसिमो, म्हणजे सैन्यातलं सर्वोच्च पद, दिलं, आणि पीटर्सबर्गला पोचेपर्यंत झारची मर्जी पुन्हा फिरली. ठरलेलं स्वागत रद्द झालं. १८ मे १८०० ला तो एका नातेवाइकाच्या घरी वारला. अलेक्सांद्र नेव्हस्की मठातल्या त्याच्या थडग्यावर पदव्या नाहीत, लढायांची यादी नाही. एवढंच कोरलंय: ‘इथं सुवोरोव्ह विसावला आहे.’